एका धृपदाचा फरक

पेन्टियम थ्री संगणकांचे दिवस होते. भद्रावतीच्या आमच्या विहारात दर रविवारी वंदना झाली की सतरंजीवर बसून मंडळ प्रत्येक गोष्ट मताला टाकायचं. पंखा कुठे लावायचा, जयंतीला वक्ता कोण आणायचा, पोरांच्या सहलीला कोणाची गाडी सांगायची. हात वर झाले की विषय संपला. मी त्या सतरंजीवरच वाढले. पाठ्यपुस्तकांपेक्षा पत्रकांनी मला जास्त वाचायला शिकवलं. आमच्या घरी पाहुण्याच्या हाती पाण्याआधी पत्रक पडायचं.

त्या उन्हाळ्यात मंडळानं वस्तीतल्या मावशीच्या गाण्यांचं पुस्तक काढायचं ठरवलं. ती कोणाचीच सख्खी मावशी नव्हती, पण सगळे तिला मावशीच म्हणत. तेंदूपानाच्या हंगामात जंगलात, एरवी मिळेल त्या कामावर. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गाणी अशी बांधायची की तालुक्याबाहेरच्या बायाही ती म्हणत. पुस्तकासाठी तिची अट एकच. ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर लोक जमतात, त्या दिवशी पुस्तक तिच्या हातात पाहिजे. तिची थोरली बहीण आलापल्लीकडे दिलेली होती, आणि दोघींची भेट वर्षातून तेवढीच, तिथं मंडळ मांडायचं त्या पुस्तकांच्या टेबलापाशी.

"लहानपणी मी गाणं म्हणलं की बाई मले मारे," मावशी या थोरल्या बहिणीबद्दल सांगायची. "कामात ध्यान नाई म्हणे. आता तिच्या हातात ठेवीन न म्हणीन, घे, छापून आलं."

गावात खिळे जुळवून छापणारा एक छापखाना अजून चालू होता. आमची पत्रकं तिथंच निघत. पण गाण्यांचं पुस्तक तिथं नको, हे एकमतानं ठरलं. ते शहरातल्या पुस्तकासारखं दिसलं पाहिजे, वर मावशीचा फोटो पाहिजे. त्यासाठी मंडळाचा स्वतःचा संगणक पाहिजे.

चंद्रपूरच्या दुकानात आमच्या ऐपतीत बसणारी दोन यंत्रं होती. एकात पेन्टियम प्रोसेसर, दुसऱ्यात सेलेरॉन. बनवणारी कंपनी एकच, कागदावरचा वेगही जवळपास सारखाच. प्रोसेसरच्या अगदी हाताशी एक छोटी स्मरणजागा असते, ती सेलेरॉनमध्ये निम्मी होती. किमतीत मात्र एवढं अंतर की मधल्या पैशांत एक बरा प्रिंटर आला असता.

पाहायला आम्ही तिघं गेलो होतो: मी, मावशी आणि कारखान्यात फिटर असलेले, मंडळातले सगळ्यांत जुने भाऊ. दुकानदारानं मावशीचा फोटो स्कॅन करून दिला आणि म्हणाला, "दोन्हीवर उघडून पाहा न, फरक आपोआप दिसते."

भाऊंनी घड्याळ पुढं धरलं. पेन्टियमवर फोटो वरून खाली उतरू लागला, तशी मावशी आपल्याच नादात गुणगुणायला लागली. भाऊ घड्याळ विसरले. एक कडवं होईतो तिचा सबंध चेहरा पडद्यावर आला. मग सेलेरॉन. कडवं झालं, वर धृपद झालं, तेव्हा कुठं हनुवटी दिसली.

"एका धृपदाचा फरक," मी म्हणाले.

"ज्याच्यात मी गोरी दिसन तो घ्या," मावशी म्हणाली, आणि दुकानदार इतका हसला की त्यानं आम्हाला चहा पाजला.

त्याच दिवशी कोणतंही एक उचलून आणलं असतं तर! पण मताशिवाय काही घ्यायचं नाही, हा आमचा नियम होता. मी आजही त्या नियमाच्या बाजूची आहे. म्हणून तर ते आठवलं की जास्त लागतं.

रविवारी भाऊ उभे राहिले. "सेलेरॉन म्हणजे पेन्टियमच, पण छाटलेला. आपल्या लोकायनं दुसऱ्याचे उतरलेले कपडे घातले, वेगळ्या ठेवलेल्या कपात चहा पेला. आता मंडळ पहिल्यांदा नवी वस्तू घेऊन राह्यलं, तर तेबी दुय्यमच? काऊन?"

टाळ्या पडल्या. मग मी उठले. काम सारखं करायचं आणि एकाला नुसत्या नावाचा मान जास्त द्यायचा, हेच तर आपण नाकारलं ना, असं म्हणाले. नावासाठी जास्त पैसे मोजणं ही नवी जात आहे, असंही म्हणाले. मलाही टाळ्या पडल्या. हात मोजले तर दोन्हीकडे सारखेच. विषय पुढच्या रविवारवर गेला.

आणि मग आम्हाला जे येत होतं तेच आम्ही केलं. मी पत्रक काढलं, चार पानी, 'प्रोसेसर आणि प्रतिष्ठा'. भाऊंनी उत्तराचं पत्रक काढलं. दोन्ही त्याच छापखान्यात, त्याच खिळ्यांवर. छापखानेवाल्यानं शाईचे हात पुसत विचारलंही, "न गाण्याईचं पुस्तक?"

"ते संगणकावर होणार आहे," मी ताठ मानेनं सांगितलं.

पावसाळा असाच गेला. रस्त्यात भेटले की भाऊ टोमणा मारत, "काय वं पोरी, तुह्या गरीब प्रोसेसरची तब्येत बरी हाय का?" मी म्हणे, "तुमच्या जमीनदारापेक्षा बरी." मजा यायची, खरंच यायची. मावशी विहाराच्या पायरीवर बसून दोन्ही बाजू ऐकायची आणि उठताना एवढंच विचारायची, "होईन न तवापर्यंत?" आम्ही दोघंही होईल म्हणायचो. त्या बाबतीत आमचं एकमत होतं.

शेवटी सेलेरॉन जिंकला. मी पेढे वाटले. यंत्र आलं, मराठी अक्षरं बसवून घेण्यात आणखी दिवस गेले, आणि निम्मी गाणी टाइप झाली तोवर आम्ही दीक्षाभूमीवर टेबल मांडत होतो.

टेबलावर माझं पत्रक होतं, भाऊंचं पत्रक होतं. गाणी नव्हती.

दुपारी बहीण आली. मावशीहून ठेंगणी, हातात काठी. बसल्या बसल्या तिनं पिशवीतून एक शिवलेलं फडकं काढलं, लाल काठाचं, पुस्तक गुंडाळून न्यायला. "कुठी हाय? दे," ती म्हणाली.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मग टेबलावरचं माझं पत्रक उचललं आणि बहिणीच्या हातात ठेवलं. बहिणीलाही वाचता येत नव्हतं. तिनं त्या चार पानांवरून हात फिरवला, ती कपाळाला लावली आणि फडक्यात बांधली. भाऊ पाणी आणायला म्हणून उठून गेले. मी टेबलावरची उरलेली पत्रकं सारखी करत राहिले.

पुस्तक हिवाळ्यात झालं. चांगलं झालं. मावशीनं ते ट्रंकेत ठेवलं, पुढच्या मेळ्यात देईन म्हणाली. पुढच्या मेळ्यात बहीण आली नाही, गुडघे गेले होते. "मले नाई जमत तिले तोंड दाखवाले," मावशी म्हणाली. "तूच नेऊन दे."

बसनं मी आलापल्लीला गेले. बहीण अंगणात बसली होती. मी पुस्तक पुढं केलं, मावशीचं आहे म्हणून सांगितलं.

"हाय न माह्याकडं," ती म्हणाली, आणि आतून फडकं मागवून सोडलं. माझं पत्रक. घड्यांवर कागद मऊ पडला होता.

तेव्हा मात्र ती गाणी नव्हेत, हे सांगावंच लागलं. ती चिडली नाही. पुस्तकावरचा फोटो तिनं बराच वेळ पाहिला. मी पहिलं गाणं वाचायला घेतलं, तर दुसऱ्या ओळीला तीच पुढं म्हणू लागली. मग थांबली आणि पत्रकावर बोट ठेवलं. "हे गाणं तर मले येते. याच्यात का हाय, ते सांग."

मी सांगितलं. तेंदूपानाचे पुडे बांधताना एकीच्या ओटीत जास्त पानं मावतात, दुसरीच्या कमी. कमीवालीला पानं घ्यायला सारखं उठावं लागतं, पण पुडा दोघींचाही बांधून होतो. तसे ते दोन प्रोसेसर.

"न तुम्ही कोणता घेतला?"

"कमी ओटीचा. स्वस्त होता."

"बरा चालते?"

"चांगला चालते, बाई."

"न दुसरा?"

"तोबी चालला असता."

तिनं पत्रकाची घडी पुन्हा नीट घातली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती फक्त समजून घेत होती.

"मंग येवढा वेळ काऊन लागला?"