रिकाम्या जागा जुळवणाऱ्या जयाताई

जयाताईंवर मी आजवर चार वेळा ओरडलोय. चारही वेळा त्यांनी शांतपणे चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. निदान उलटून बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ठाण्यात खोपटला एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत त्यांचं टायपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांच्या नोटिसा, वास्तुशांतीची आमंत्रणं आणि आमच्या कॉलेजची प्रॅक्टिकलची मॅन्युअल्स. बाई मूळच्या खडवलीच्या. बारावी नापास झाल्यावर वडिलांनी ठाण्यातल्या एका छापखान्यात चिकटवलं. तिथे सात वर्षं त्यांनी शिशाचे खिळे जुळवले, म्हणजे एकेक अक्षर हाताने उचलून ओळ तयार केली. मग कॉम्प्युटर आले, छापखाना बंद पडला, आणि नवरा नको नको म्हणत असताना बाईंनी कीबोर्ड शिकून घेतला. आता वय छप्पन्न. दुकानात एक मशीन, एक प्रिंटर आणि त्या.

मी राहतो डोंबिवलीत आणि ठाण्यातल्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. हॅस्केल नावाची एक भाषा आहे. नोकरीच्या जाहिरातींत ती फारशी दिसत नाही, त्यामुळे पोरं नाक मुरडतात आणि आमचे विभागप्रमुख श्रीपाद सर त्याहून जास्त मुरडतात. तीन वर्षं डोकं फोडून मी ती ऐच्छिक विषय म्हणून आणली. सरांनी एकच अट घातली होती: यंदा प्रॅक्टिकलला गोंधळ झाला, की विषय बंद.

या भाषेची एक खोड आहे. बऱ्याच भाषांत एखादा भाग कुठे सुरू झाला, कुठे संपला, हे कंस घालून सांगतात. इथे बहुधा ते ओळीआधीच्या मोकळ्या जागेवरून ठरतं. समजा एकाच भागात ए आणि बी अशी दोन नावं आहेत, तर वरच्या ओळीत ए जिथे सुरू झाला, बरोबर त्याच्याच खाली बी यायला हवा. एक घर इकडचं तिकडे झालं तरी कॉम्प्युटर हात वर करतो. परीक्षेत इंटरनेट बंद असतं आणि फक्त छापील मॅन्युअल जवळ ठेवता येतं. म्हणून मॅन्युअल जयाताईंकडे गेलं आणि माझ्या मागे साडेसाती लागली.

पहिल्या प्रुफात सगळे प्रोग्राम डाव्या कडेला एका रेषेत चिकटलेले. कोणतंही मॅटर आलं की जयाताई आधी जादा स्पेस उडवतात, हे मला ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकं स्पेस बार बडवून मजकूर सरकवतात, हा त्यांच्या धंद्यातला रोजचा वैताग.

"ताई, स्पेस कुठे गेल्या सगळ्या?"

"काढल्या. काय घाण करून ठेवलेली सर तुम्ही. अर्धा दिवस गेला माझा साफ करायला."

तेव्हा पहिल्यांदा ओरडलो. दुसऱ्या प्रुफात स्पेस परत आल्या, पण फॉन्ट असा, की त्यात आय बारीक आणि एम ऐसपैस. खालीवर काहीच जुळेना. पुन्हा ओरडलो, आणि दमल्यावर पेन्सिल घेऊन समजावायला बसलो, की या भाषेत रिकामी जागासुद्धा वाचली जाते.

"मग हे आधी नाही का सांगायचं?" त्या म्हणाल्या. "छापखान्यात असंच असायचं. रिकामी जागा पण शिशाचीच असायची, सर. मोजून भरायला लागायची, नाहीतर ओळ ढिली पडायची नि खिळे गळून पडायचे. थांबा, मग सगळी अक्षरं एका मापाची घेऊ. टाइपरायटरवाली."

जे वर्गात दोन महिन्यांत कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते या बाईंना दोन मिनिटांत कळलं. याचंही मला कौतुक वाटण्याऐवजी चिडचिडच झाली. तिसरं प्रूफ मात्र चोख होतं.

पुढची माती मी खाल्ली. छपाईच्या आदल्या दिवशी नवव्या प्रोग्रामचं 'सम' हे नाव मला खटकलं. ते नाव भाषेत आधीपासून आहे, पोरं गोंधळतील, म्हणून मी ते बदलून 'बेरीज' केलं आणि पान पाठवून दिलं. पुन्हा चालवून पाहिलं नाही. नाव तर बदललंय, त्यात काय बिघडणार!

संध्याकाळी जयाताईंचा फोन आला. मी तेव्हा श्रीपाद सरांच्या केबिनमध्ये बोलणी खात होतो.

"सर, नवव्या प्रोग्रामात तो बी आहे ना..."

"ताई, आता काही हलवू नका! दिलंय तसंच्या तसं छापा," मी ओरडलो आणि फोन कापला. ही तिसरी वेळ. चष्मा पुसल्याचं त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं.

परीक्षेत बासष्टपैकी चाळीस जणांना नेमका नववा प्रोग्राम आला. आधी एकाने हात वर केला, मग रांगच्या रांग. सगळ्यांच्या स्क्रीनवर एकच चूक. अर्ध्या तासाने बाहेरून आलेल्या परीक्षकांनी परीक्षा थांबवली. सगळ्यांसमोर श्रीपाद सरांनी विचारलं, हे काय? माझ्या तोंडून गेलं, "छपाईची चूक." तेव्हा खरंच तसं वाटलं होतं, की मी वाटून घेतलं, देव जाणे.

"मग ठीक आहे, विषय वाचला तुमचा," सर म्हणाले. "प्रेसकडून तसं लेखी आणा. आणि पुढचं काम त्या बाईंना नाही द्यायचं."

मी तडक खोपट गाठलं आणि चौथ्यांदा ओरडलो. जयाताईंनी ड्रॉवरमधून ते पान काढलं. बीभोवती पेन्सिलीने गोल केला होता आणि बाजूला लिहिलं होतं, 'दोन घरं उजवीकडे? सरांना विचारणे.' इंग्रजी लिपीत 'सम'ची तीन अक्षरं, 'बेरीज'ची पाच; नाव दोन अक्षरांनी वाढल्यामुळे त्याच ओळीतला ए पुढे सरकला होता आणि खालचा बी होता तिथेच राहिला होता.

"फोन केलेला मी. तुम्ही कापलात."

मला स्वतःची लाज वाटली, आणि तरी मी म्हटलं, "ताई, दोन ओळी लिहून द्या. मुद्रणदोष झाला म्हणून. माझा विषय वाचेल."

"आणि माझं कॉलेजचं काम?"

मी ते पान उलटं करून ठेवलं.

"चुकते तेव्हा लिहून देते मी, सर. एकदा पत्रिकेत मुहूर्त चुकलेला, तर नवरीच्या घरी जाऊन पाया पडून आलेले. पण हे माझं नाही चुकलेलं." त्यांनी नवी फाइल उघडली. "तुम्हाला कागद हवाय ना? सांगा, टाइप करते. सही तुम्ही करा."

मी सांगितलं, त्यांनी मुकाट्याने टाइप केलं आणि प्रिंट माझ्यासमोर ठेवली. 'मुद्रकाच्या चुकीमुळे...' आणि खाली सहीसाठी माझं नाव. पेन उघडलं आणि उलटं ठेवलेलं ते पान परत सुलट केलं. मग म्हटलं, "परत टाइप करा. लिहा, चूक माझी आहे. प्रेस चूक दाखवत असताना मी ऐकून घेतलं नाही."

विषय गेला, हे मला ते सांगतानाच कळत होतं. रडू येण्याइतका राग आला होता, आणि तो काढायला आता समोर कुणी नव्हतं.

टाइप करता करता जयाताई थांबल्या. "आणि पोरांचं काय, सर? त्यांची परीक्षा परत घेणार ना?"

बासष्ट पोरांपैकी एकही त्या क्षणापर्यंत माझ्या मनात आलं नव्हतं. 'विद्यार्थ्यांचा दोष नाही, त्यांची परीक्षा पुन्हा घ्यावी,' हे त्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी सांगितलेलं नाही. ते जयाताईंनी घातलं, आणि त्याखाली मी सही केली.