झिऱ्यावर बसलेली बाई

कापूर, पेपरमिंट आणि गंजलेलं लोखंड... हे तीन वास एकत्र आले की आजही माझी मान आपोआप मागे वळते. जुन्या मिक्स्चरचा तो वास. बूच निघताना बाटली आधी एक हलकासा उसासा टाकी, आणि मग तो वास खोलीभर पसरत जाई.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे, असं म्हणवत नाही. माझे वडील संस्कृतचे शिक्षक. आमच्या घरी देव होते, पण ते कुणाच्या अंगात येत नसत. अमावास्येला केस धुऊ नयेत म्हणणाऱ्या आत्याला मी श्लोकाच्या चालीवर उलट उत्तरं देत असे. या सदरातले इतरांचे अनुभव वाचतानाही मी पुष्कळदा मनात हसलेली आहे. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली. शिवाय यात एक कबुली आहे, आणि ती मला त्या अनुभवापेक्षाही जड वाटते.

संयुक्त महाराष्ट्र होऊन एक-दोन उन्हाळे झाले असतील. तापीकाठच्या प्रकाशा गावापासून अडीच मैलांवर, गोमाई नदीच्या काठी एका गावात आम्ही राहत होतो. आज तो भाग नंदुरबार जिल्ह्यात येतो. तेव्हा सगळं धुळ्याकडे होतं. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. माझे यजमान तिथल्या लहानशा डिस्पेन्सरीत कंपाउंडर होते. नोकरी हंगामी होती. कायमचा हुकूम यायचा होता, आणि त्या एका कागदाकडे आमचं सगळं घर डोळे लावून बसलं होतं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत. एरवी पुड्या बांधणं, बाटलीवर मात्रेच्या कागदी खुणा चिकटवणं, जखमा धुणं हे सगळं यांच्याकडेच असे.

वैशाखात डॉक्टरांचा निरोप आला : तपासणी आहे, मुदत संपलेला माल स्टोअरमध्ये दिसता कामा नये. असा माल पाण्यापासून दूर, खोल खड्ड्यात पुरावा, असा नियम होता. पण तिथली काळी जमीन वैशाखात दगडाहून कठीण होते. दोन सकाळी यांनी कुदळ मारली. हाताला फोड आले, कुदळीचा दांडा मोडला, आणि खड्डा जेमतेम गुडघाभर झाला.

तेव्हा मी म्हणाले, "अहो, औषधही एक प्रकारचं निर्माल्यच ना? देवाची फुलं आपण पुरत नाही, जाळत नाही. नदीत सोडतो."

"नदीत? लोक पाणी पितात गं."

"वाहतं पाणी सगळं घेऊन जातं. उद्या तापीत, परवा समुद्रात."

यांनी हातावरच्या फोडांकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाटल्या मात्र परत आणायच्या. बाटल्या मिळत नाहीत."

मी पुण्याकडची. आमच्या नद्या मी कवितांमधून ओळखत होते, आणि कवितेतल्या नद्या बारा महिने वाहतात. गोमाई चैत्रातच थांबली होती. वाळूच्या पट्ट्यात तेवढा एक डोह उरला होता, काठच्या झाडांच्या सावलीत हिरवाकाळा निजलेला. हे मी रोज पाहत होते... आणि तरीही मला ती वाहतीच वाटत होती.

दिवस कलताना आम्ही दोघं चार फेऱ्यांत बाटल्यांच्या सगळ्या टोपल्या घेऊन गेलो. कुणी दिसलं नाही. माणसं केळीच्या बागांमधून अजून परतायची होती. मी बुचं काढत गेले आणि हे ओतत गेले. पिवळं, जांभळं, गंजाच्या रंगाचं... डोहावर संध्याकाळचं आकाश उतरावं तसे ते रंग पसरले, एकमेकांत शिरले आणि विझले. मला ते सुंदर वाटलं. हे लिहिताना हात थांबतो, पण खरं तेच आहे — मला ते सुंदर वाटलं.

आमच्याकडे पाणी भरायची ती हिराबाई. उंच, हाडकुळी, पन्नाशीची. मला पहिल्या दिवसापासून अहिराणीत अगं-तुगं करणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली ती रिकामे हंडे घेऊन.

"बाई, आज पानी नई."

"का गं?"

"झिरावर एक बाई बठेल शे. भरू दी नई ऱ्हायनी."

मला हसू आलं. "कोण आहे एवढी जबरदस्त? ओळखीची?"

"काय माहीत! तोंडवर पदर शे. बोलत नई, चालत नई. आपन वाटी बुडावाले गऊ का पानीवर हात ठेवस. असा..." हिराबाईने आपला तळहात हवेत आडवा धरला. "नऊ जनी व्हतूत आम्ही. एक बी बाईनी हिंमत नई व्हयनी."

"हा झिरा कुठे आहे?" मी विचारलं. पाणी घरात येतं, एवढंच मला ठाऊक होतं.

तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "गावनी इहीर आटनी तव्हयपासून सारं गाव झिरानंच पानी पेस. डोहना खाले, वाळूमा खड्डा खंदेल शे, तो झिरा. डोहनं पानी वाळूमाईन गळी-गळी तठे येस. एवढं बी माहीत नई तुले?"

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. तांदूळ सगळीकडे विखुरले.

मी धावत गेले. डोहाच्या खाली, पन्नास-साठ पावलांवर तो खड्डा होता. तळाशी परातीएवढं पाणी — स्वच्छ, इतकं स्वच्छ की वाळूचे कण मोजावेत. बाई नव्हती. काठाशी वाळूत कुणीतरी बराच वेळ बसल्यासारखा खोलगट ओलसर ठसा होता. नऊ बायकांची पावलं समोरच्या काठाशी थबकलेली दिसत होती. त्यांच्यापासून त्या ठशापर्यंत मात्र एकही पाऊल गेलेलं नव्हतं, आणि त्या ठशापासून कुठे गेलेलंही नव्हतं. मी वाकले. पाण्यातून अगदी पुसट, पण ओळखीचा असा वास आला... कापराचा.

घरी येऊन यांना सांगितलं. ते खल हातात धरून तसेच उभे राहिले.

"त्यातलं काही पोटात गेलं तर?" मी विचारलं.

"काही औषधं नुसती जुनी होती." त्यांनी खल खाली ठेवला. "काही मात्र जखमा धुण्याची होती. ती पोटात जायचीच नव्हती."

"मग गावाला सांगू या."

"दोन-चार दिवसांत उतरेल ते. आज सांगितलंस तर हुकूम गेला, आणि कदाचित नोकरीही."

त्या दिवशी बायकांनी तापीवरून पाणी आणलं — जाऊन-येऊन पाच मैल, माथ्यावर वैशाखाचं ऊन. मी स्वतःची समजूत घातली, की कुणी प्यायलं नाही म्हणजे झालं. ती बाई जी कोण असेल ती अशीच बसून राहो. दिवसभर मी एका जागी बसू शकले नाही. उंबऱ्यापर्यंत जायची, परत यायची. भाकरी थापताना पिठात बोटं तशीच राहायची. शेवटी यांनी विचारलं, "अगं, तू कुणाची वाट बघते आहेस का?" मी पुन्हा पिठात हात घातला.

तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत गलका झाला. केळीच्या बागा असलेले एक म्हातारे पाटील चार-पाच जणांना घेऊन निघाले होते.

"आसरा शे म्हनतंस ना, डोहमाधली?" पाण्यातल्या त्या देवतेच्या नावाने ते बायकांना चिडवत होते. "मंग तिलेच सांगा — दोन हंडा भरीसन घर पोचाडी दे म्हना! फुकटनी मोलकरीन भेटनी!"

पुरुष हसले. बायका खाली मान घालून उभ्या होत्या; पण हिराबाई हंडे उचलून पुढे झाली.

"मी भरस पहिले. मन्ही सून बाळतीन शे, पाच दिननी. काल तापीनं पानी आनता आनता मन्हा पाय भाजनात. आसरा ऱ्हाओ नई तर तिन्ही माय ऱ्हाओ, मन्ही सूनले पानी जोयजेच."

पाच दिवसांची बाळंतीण... आणि तिच्या दुधावर वाढणारं ते मूल. मी यांच्याकडे पाहिलं. हे डिस्पेन्सरीच्या दारात उभे होते. त्यांनी मान हलवली नाही. होकार नाही, नकारही नाही. फक्त डोळे मिटून घेतले.

मी त्या सगळ्यांच्या आधी कशी पोचले, ते मला आठवत नाही. तापलेल्या वाळूतून मी अनवाणी धावले एवढं आठवतं. झिऱ्याच्या काठाशी बसले. हिराबाई वाकली, तिने वाटी बुडवायला हात पुढे केला, आणि मी पाण्यावर तळहात ठेवला.

ते मी ठरवून केलेलं नव्हतं. हात गेला.

मागे उभ्या असलेल्या बायकांतून एक आवाज उठला — किंकाळी नव्हे, सगळ्यांनी एकदम श्वास आत ओढल्यासारखा. दोघी-तिघी मागे सरकल्या. कुणीतरी हात जोडले.

"सरका बाई," पाटील म्हणाले. "काय करी ऱ्हायनात तुम्ही?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं : टोपल्या, बाटल्या, रंग, निर्माल्य. माझी कल्पना होती, यांची नव्हे, हेही सांगितलं. पाटील डोहाकडे चालू लागले, आणि सगळे त्यांच्यामागे गेले. मला बसल्या जागेवरूनही दिसलं. डोहाच्या कडेला मासे उलटे होऊन तरंगत होते, पोटाची चांदी वर करून.

पुढचं थोडक्यात सांगते. गावातलं कुणी दगावलं नाही. पाऊस लागेपर्यंत सगळ्यांनी तापीचं पाणी वाहिलं. यांनी डॉक्टरांना स्वतःच्या हाताने सगळं लिहून कळवलं. कायमचा हुकूम आला नाही. आषाढाआधी आम्ही गाव सोडलं. पुढे जन्मभर त्यांनी मला याबद्दल एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर मला हलकं वाटलं असतं.

आणि ती बाई? मी तऱ्हेतऱ्हेने विचार करून पाहिला. उन्हाचा भास म्हणावा, तर ती सकाळची कोवळी वेळ होती. कुणीतरी आम्हाला ओतताना पाहिलं असेल म्हणावं, तर तिने तोंडाने का सांगितलं नाही? आणि नऊ जणींनी पाहिलेल्या बाईचं एकही पाऊल वाळूत का नसावं? त्या पहाटे मी माझ्या घरात होते. यांनी मला चूल पेटवताना पाहिलं होतं. मी पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा प्रत्येक वेळी त्यांनी तेच सांगितलं.

उत्तर जिच्याकडे असेल, तिला मी त्याच दिवशी विचारलं होतं. मेलेले मासे पाहून बायका तशाच तापीच्या वाटेला लागल्या. मी मात्र अजून झिऱ्यापाशीच बसले होते, हात पाण्यावर तसाच. उठायचं धैर्य होत नव्हतं. हिराबाई एकटी मागे फिरली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"हिराबाई," मी म्हणाले, "खरं सांग. काल इथं बसलेली ती बाई... ती मी होते का?"

तिने खाली वाकून माझा हात पाण्यावरून उचलला, आपल्या पदराने पुसला, मला उभं केलं. आपल्या दोन हंड्यांतला एक माझ्या डोक्यावर ठेवला, आणि म्हणाली,

"चाल."