पट्ट्याला चोळलेलं तेल

१९७४ साली मी तेहतीस वर्षांचा होतो. घरचा हातमाग मोडून पॉवरलूमवर कामाला लागलो होतो. आठवडाभर काम पाहीन, मग ठेवायचं की नाही ते सांगीन, असं मालकाने बजावलं होतं. त्याचा मला रागच आला होता. पिढीजात विणकराची काय परीक्षा घेता?

तिसऱ्या दिवशी माझ्या मागाचा चामडी पट्टा किरकिरायला लागला. घरी आडवं सूत नेणारा धोटा अडला की त्याच्या तळाला मेण घासायचं, मग तो सरसर पळायचा. मशीनला मेणाऐवजी तेल, एवढाच फरक, असं मी धरून चाललो. शेडमधल्या मिस्त्रीला कशाला विचारू? पट्ट्याला आतून भरपूर तेल चोळलं. किरकिर थांबली आणि मागही थांबला. मोटर फिरत होती, पट्टा चाकावर नुसता घसरत होता.

सुताच्या कांड्या भरणारी बाई मोठ्याने बोलली, "काहून गा भाऊ, पट्ट्याची मालिश करून राहिला का?" अख्खी शेड हसली.

मिस्त्री हसला नाही, ते जास्त लागलं. "धोटा घसराले पाहिजे, पण पट्ट्यानं चाक धरून ठेवाले पाहिजे. त्याले तेल नाही, चिकट राळ लावा लागते," एवढं बोलून तो पट्टा पुसत बसला. मालक दारातून पाहत होता. मला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो. मिस्त्री आला तसा म्हणालो, "तेल कुठं कुठं लावायचं नाही, ते मले दाखवून दे."