ह्यांचं दुसरं गाव

मालवणच्या बाजारात मी मासळीची पिशवी घेऊन रिक्षाची वाट पाहत होते, तेव्हा धाकटे दीर गुरुनाथ यांचा फोन आला. "वैनी, बेगीन घराक येवा. दादाक बरां नाय." एवढंच. पण त्यांच्या आवाजावरूनच मला कळलं, की आता घाई करून काही उपयोग नाही... देवबागला पोहोचले तर अंगणात माणसं जमली होती आणि माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. हे गेले, त्याला आता दीडेक महिना होईल.

माझे यजमान विलास लग्नाआधी गुजरातेतल्या एका खत कारखान्यात होते. लग्नानंतर वर्षभरातच ओमानला गेले. तिथे वाळवंटाखाली नैसर्गिक वायू सापडला होता. नुसता वायू विकून पुढच्या पिढ्यांचं काय होणार, म्हणून त्या देशाने समुद्रकाठी कारखाने उभारायला घेतले होते. नळांतून वायू आणायचा, त्याचा अमोनिया करायचा, अमोनियाचा युरिया, आणि ते पांढरे दाणे बोटींत भरून जगभर धाडायचे. त्यांच्याकडे वायू होता, पण काम जाणणारी माणसं कमी होती. ती आमच्यासारख्यांच्या घरांतून गेली. हे वर्षातून एकदा यायचे. मुलगी वाढली, शिकली, लग्न होऊन पुण्याला गेली. दर खेपेला सुट्टी संपत आली, की आम्ही दोघंही कमी बोलू लागायचो.

मुलीच्या लग्नानंतर ह्यांनी एकदा मला तिकडे नेलं. समुद्र होता, पण माड नाहीत; नुसता तांबूस दगड आणि ऊन. कारखान्यात मला सोडणार नव्हते, म्हणून हे मला रस्त्यावरूनच दाखवत होते. "तो उंच टॉवर दिसता मा? तेच्या बुडाक माझी जागा. मी इलंय तेवा हयसर नुसती रेव होती." आत जाणाऱ्या गाड्या थांबत होत्या. ओमानी पोरं खाली उतरून ह्यांचा हात हातात घेत होती. हे त्यांच्याशी अरबीत बोलत होते, खदखदून हसत होते. देवबागला मी ह्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. नवऱ्याच्या गावात मी पाहुणी होते. परतीच्या विमानात मला एकटीला रडू आलं, आणि का ते कुणाला सांगताही आलं नाही.

पुढे त्या देशातली मुलं शिकून तयार झाली आणि बाहेरच्यांना हळूहळू निरोप मिळू लागला. ह्यांच्या जागी आला नासिर. त्याला ह्यांनीच शिकवलं होतं. गुरुनाथ चिडले, तर हे शांतपणे म्हणाले, "तेंचा घर तां. तेंनी चलवूक नको?"

हे कायमचे घरी आले. मी किती वर्षं त्या दिवसाची वाट पाहिली होती... पण घरी आलेला माणूस कुठे बसायचं ते शोधत होता. शेजारीपाजारी पर्यटकांच्या खोल्या, बोटी, मासळीचे भाव ह्यांवर बोलायचे. हे ऐकत बसायचे. एकदा खाडीच्या धक्क्यावर मी विचारलं, "तुमका हयसर करमणा नाय?" पाण्याकडे बघत म्हणाले, "करमता गो. पण माका काय येता, तां हयसर कोणाक म्हायत नाय." मलाही माहीत नव्हतं. संध्याकाळ होईपर्यंत आम्ही शेजारी शेजारी बसून राहिलो, दोघंही एकेकटे.

मात्र अधूनमधून नासिरचा फोन यायचा. यंत्र कुठेतरी अडलं, की तो विचारायचा, आणि हे डोळे मिटून सांगायचे, अमुक झडप आधी, मग तमुक, घाई नको. फोन संपला तरी कितीतरी वेळ चेहऱ्यावर उजेड असायचा. त्या दिवशी हे दोन घास जास्त जेवायचे.

हे गेल्याचं नासिरला मीच कळवलं. त्याने लगेच फोन ठेवून दिला. मग गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "बरा आसा, भाभी?" ह्यांनी शिकवलेली मालवणी. मग हिंदीत सांगू लागला, की दुरुस्तीसाठी बंद ठेवलेला कारखाना आज पुन्हा सुरू केला. ह्यांना फोनवर न विचारता पहिल्यांदाच. आत फोन नेता येत नाही, म्हणून तो कुंपणाबाहेर येऊन उभा होता. "विलासभाईने जैसा सिखाया, वैसा ही किया. सुनिए, भाभी."

त्याने फोन कारखान्याकडे धरला असावा. दूरवरून एक जाड, अखंड घरघर ऐकू आली. माझ्या नवऱ्याची सगळी उमेदीची वर्षं त्या आवाजात गेली होती, आणि मी तो असा पहिल्यांदाच नीट ऐकत होते. पडवीत ह्यांची वेताची खुर्ची अजून खाडीकडे तोंड करून असते. तिच्या हातावर मी फोन ठेवला आणि बाजूला जमिनीवर बसले.