विचारलं तर नाव सांग

परशराम गेल्याचं कळलं तेव्हा मी कोर्टाच्या आवारात एका अशिलाला पुढची तारीख समजावून सांगत होतो. फोन परशरामाच्या बायकोचा, शांतावहिनींचा होता. "भावजी, ह्ये गेले बघा… चहा घेऊन आडवे झाले ते उठलेच न्हाईत." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी अशिलाला तारीख पुन्हा सांगितली, आणि ती चुकीची सांगितली हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. घरी आलो. दारात दोन गाड्या उभ्या होत्या, एक माझी रोजची आणि दुसरी परशरामानं नव्यानं घडवलेली जुनी अँबॅसिडर. अनगोळला त्याला शेवटचं बघायला मी रोजची गाडी घेऊन गेलो. त्याच्या हातची गाडी त्याच्या दारात न्यायचं धाडस मला झालं नाही, आणि त्याचं कारण माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नाही असं मी धरून चाललो होतो.

आम्ही दोघं उचगावचे, एकाच बाकावर बसलेले. मी शिकत गेलो आणि बेळगावात वकिली करू लागलो. तो दहावीनंतर एका गॅरेजात पत्रा ठोकायला लागला आणि पुढं अनगोळात त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. रिक्षा, टेम्पो, शाळेच्या व्हॅनी, कुणाचा धडकलेला बंपर, कुणाचं गंजलेलं दार, असली कामं त्यानं तीस वर्षं केली. हात सोन्याचा, पण गिऱ्हाईक घाईचं. "शिवा, लोकास्नी पत्रा सरळ नको असतोय रं, लगेच पायजे असतोय," असं तो म्हणायचा आणि हसायचा. एरवी मी शिवा, चारचौघांत मात्र हमखास 'वकीलसाहेब' म्हणायचा, मुद्दाम, मला ओशाळवायला.

निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत ही अँबॅसिडर कित्येक वर्षं बारदानाखाली पडून होती. वखार मोडायला काढली तेव्हा परशरामानं ती भंगारात जाता जाता उचलली. पुढची दोन वर्षं दुकान बंद झालं की तो तिच्यापाशी असायचा. पत्रा सगळा हातानं सरळ केला, मडगार्डं नवी ठोकली, सीटांची कापडं बेळगावभर हिंडून जुन्या वळणाची मिळवली. रंग दिला तो दुधावरच्या सायीसारखा. एवढं सगळं करूनही ऊन तापलं की डिकीतून तंबाखूचा वास यायचाच. तो घालवायचा त्यानं प्रयत्नही केला नाही.

गोव्याचा एक माणूस ती घ्यायला तयार होता. परशरामानं त्याला नाही म्हटलं आणि मला बोलावलं. मला गाडीतलं काही कळत नव्हतं, पण तिच्यात बसलो आणि उठवेना. "तूच घे. गावात ऱ्हाईल, नदरंसमोर ऱ्हाईल," तो म्हणाला. भाव ठरला, व्यवहार पुरा झाला, मग किल्ली हातात ठेवताना त्यानं ती धरून ठेवली. "एक कर, शिवा. कुणी इचारलं, कुठं केली, तर नाव सांग माजं. रिक्षा ठोकून कटाळा आलाय. आता असल्या गाड्या करायच्या हायत मला… चार लोकास्नी कळल्याबिगार त्या येणार कुठनं?" मी म्हटलं, अरे, हे काय सांगायला हवं?

नवशिक्या मालकाचे सगळे आचरटपणे मी केले. चपटी टोपी घेतली. गाडी सुरू करताना ओढलेला चोक तसाच ठेवायचा आणि ती पेट्रोल पिऊन गप्प झाली की परशरामाला फोन. एकदा खानापूर रस्त्यावर तो जेवण टाकून स्कूटरवरून आला आणि नुसता चोक आत ढकलून परत गेला. पुढची दोन्ही दारं नुसती ओढून लागायची नाहीत, त्याचीही मी तक्रार केली. "बिजागऱ्या मूळच्या हायत, त्या मी बदलणार न्हाय," तो म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाला काखंत हात घालून उठवतोस न्हवं? तसं दार जरा उचलायचं आणि मिटायचं." मला जमेपर्यंत त्यानं वीसेक वेळा तरी करून घेतलं.

त्या हिवाळ्यात बेळगावात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. परशराम पहाटेच येऊन गाडी पुसत बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. शेजारी बड्या बड्या गाड्या, त्यांचे मालक एकमेकांना मोठ्या शहरांतल्या वर्कशॉपांची नावं सांगत होते. परीक्षक माझ्यापाशी आले, बॉनेटखाली वाकून बघितलं, पत्र्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "फारच सुरेख. कुठं करून घेतली?"

मी म्हणालो, "पुण्यात."

का म्हणालो, याचं उत्तर मी पुष्कळ शोधलं. खरं उत्तर साधं आहे. अनगोळच्या पत्र्याच्या शेडचं नाव त्या लोकांत घ्यायची मला लाज वाटली. गाडीच्या पलीकडच्या बाजूला परशराम मागचा दिवा पुसत होता. फडकं क्षणभर थांबलं आणि पुन्हा फिरू लागलं. परीक्षकांनी 'पुणे' लिहून घेतलं, बक्षीस देताना माइकवरून तेच सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. हुबळीच्या एका गृहस्थांनी मला गाठलं, त्यांच्याकडे तीन जुन्या गाड्या पडून होत्या, त्यांना त्या पुण्याच्या मिस्त्रीचा नंबर हवा होता. पाठवतो म्हणालो. कुणाचा पाठवणार होतो? परतताना परशराम माझ्या शेजारी बसला होता.  अनगोळला उतरताना त्यानं दार उचलून मिटलं आणि म्हणाला, "थंडीत चोक जरा जास्त ओढ हं."

माफी मागायला मला तेव्हाही वेळ होता. मी ती टाळली. आमच्याकडे खंडेनवमीला गाडी ज्यानं घडवली त्याच्या दारात नेतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि नारळ तो मिस्त्रीच फोडतो. पहिल्या वर्षी मी नेली होती. या वर्षी घरीच झेंडूचा हार घातला, नारळही मीच फोडला. दुपारी परशरामाचा फोन वाजत राहिला, मी उचलला नाही. त्यानंतर महिन्याभरात तो गेला…

दिवसकार्य झाल्यावर वहिनींकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्या ऐकत होत्या. "म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी बोललेते. म्हणाले, शिवा घाबरला, दुसरं काय न्हाय." मग म्हणाल्या, "खंडेनवमीला तेवढं वाईट वाटलं त्यास्नी. सकाळधरनं रिक्षावाल्यास्नी सांगत होते, हितं लावू नका, अँबॅसिडर यायची हाय. तीन वाजेपतूर जागा मोकळी ठेवली. मग नारळ देवाजवळ ठेवला आणि जेवले." तो मला घाबरट म्हणाला यात त्याचा मोठेपणा आहे. मी कोण होतो ते मला माहीत आहे.

गेल्या रविवारी मी अँबॅसिडर बाहेर काढली. निपाणी रस्त्यावरच्या पंपावर एक गृहस्थ जवळ आले, गाडीभोवती फिरले, पत्र्यावर बोटं टेकवली आणि तोच प्रश्न विचारला. मी सांगितलं, "अनगोळात. परशराम मिस्त्रींनी. एकट्यानं, दोन वर्षं खपून." इतक्या मोठ्यानं बोललो की पंपावरचा माणूस वळून बघायला लागला. गृहस्थांनी लगेच मोबाइल काढला. "नंबर सांगा की. आमच्या वडलांची गाडी पडून हाय घरात."

"ते गेले," मी म्हणालो. "महिना होऊन गेला."

"अरेरे…" त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. "बेळगावात असला माणूस होता, आणि आमाला कुणी सांगितलंच न्हाय बघा."

 गाडीत बसलो आणि घाईघाईनं दार ओढलं. ते लागलं नाही. पुन्हा उघडलं, खालून हात घालून जरा उचललं, आणि मिटलं.