बुटातला जावई

माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याचा सासुरवाडीत जाहीर सत्कार झाला आहे. (बाकीचा मी सोबत म्हणून गेलो होतो.)

मी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका कचेरीत कारकून. माझे सासरे, आप्पा, नातेपुत्याचे शेतकरी. ते गावभर सांगत फिरायचे, "आमचं थोरलं जावई कायम बुटात असत्यात!" एवढा मान मिळाल्यावर बूट काढणार कोण? सोलापूरच्या उन्हात मी दिवसभर नायलॉनच्या मोज्यांत पाय शिजवत राहिलो. शेवटी अंगठ्याचं नख पिवळं पडलं, जाड झालं आणि कडेनं भुरभुरायला लागलं.

"बुरशी लागलीय," बायको म्हणाली. "दाखवा कुणालातरी."

"मी? चारचौघांत मोजे काढू?"

"काढावेच लागतील. पुढच्या महिन्यात धोंड्याचा महिना. आप्पा तुमचे पाय धुणार!"

मी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. (अंगठ्यासकट!) तीन वर्षांतून एकदा येणारा अधिक महिना, सगळ्या भावकीसमोर परातीत जावयाचे पाय, आणि शेजारच्या पाटावर धाकटा जावई, म्हणजे माझे साडू. त्यांना माझ्यावर हसायला कारण लागत नाही. इथे तर पिवळंधमक कारण होतं!

लगेच घरगुती इलाज सुरू केले. आधी व्हिनेगरच्या पाण्यात पाय बुडवून बसलो, मग खोबरेल तेल चोळलं. नख ढिम्म! शेवटच्या दिवशी घाबरून ठेचलेला लसूण आणि हळद अंगठ्यावर थापली, वर मोजा चढवला आणि एसटी पकडली. (पिवळं नख लपवायला हळद लावणारा माणूस जगात मी एकटाच असेन.)

आप्पा परात घेऊन बसले. "पाव्हणं, मोजं काढा की!"

काढले. पाणी पिवळं झालं. सासूबाई दचकून स्वयंपाकघराकडे बघत ओरडल्या, "आगं, लसूण करपला का काय त्यो?"

"न्हाय मामी," साडू म्हणाले, "ह्यांनी पायाला फोडणी दिलीया!"

भावकी पोट धरून हसली. मला परातीत बुडून जावंसं वाटलं. आप्पा मात्र हसले नाहीत. बैलाचा खूर तपासावा तसा त्यांनी माझा अंगठा उचलून पाहिला.

"ह्ये बुटाचं दुखणं हाय. वारा न्हाय, कोरडं न्हाय, नखानं करावं काय? उद्यापासनं चप्पल! पाय धुतला की बोटांच्या मधनं पुसायचं. मोजं सुती, रोज धुतल्यालं. नख सरळ कापायचं आन् नेलकटर सोताचा येगळा."

"पण आप्पा, बुटातला जावई…"

"आवो, बूट बदला म्हन्तोय मी, जावई न्हाय!"

बदलले. कचेरीत चपलेवर गेलो तेव्हा साहेब बराच वेळ पायांकडे बघत राहिले. त्वचेच्या डॉक्टरांनाही एकदाचं दाखवलं. नवं नख मुळापासून इतक्या सावकाश येत होतं, की बायको महिन्यातून एकदा वाकून बघायची आणि म्हणायची, "सरकलं हो थोडं!" वर्ष उलटून गेलं तेव्हा कुठे अंगठाभर नख झालं.

पुढच्या धोंड्याला मी नातेपुत्यात चपलेवरच उतरलो. आप्पांनी भावकीला आधीच गोळा करून ठेवलं होतं.

"बगा! कसं शिंपल्यावानी हाय!"

चुलतसासरे चष्मा लावून वाकले. सासूबाईंनी अंगठ्याला कुंकू लावलं. मी पाय आणखी वीतभर पुढे केला. काय सांगू, लग्नातसुद्धा मला इतकं कुणी निरखून पाहिलं नव्हतं!

मग आप्पा शेजारच्या पाटाकडे वळले. मधल्या काळात साडूंना पुण्यात मोठी नोकरी लागली होती आणि पायात चकचकीत बूट आले होते.

"आता तुमी. काढा की मोजं!"

"ऱ्हाऊ द्या की आप्पा, मला लई सर्दी झालीया…"

आप्पांनी स्वतःच मोजा ओढला. घरभर लसणाचा वास सुटला! या खेपेला सासूबाईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी मोठ्या मनानं साडूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझी चप्पल त्यांच्यापुढे सरकवली. तीन वर्षांत त्यांनी फ्लॅट घेतला, गाडी घेतली, बढती घेतली. मी राबराबून एक नख उगवून आणलं. पण उगवलं!