एकोणऐंशीनंतर साठ

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर वाचले ते हसायला. शनिवारी सकाळी चहा घेताना एखादा अनुभव बायकोला, अश्विनीला, मोठ्यांदा वाचून दाखवायचा आणि मध्ये मध्ये शेरे मारायचे हा माझा आवडता उद्योग. तेव्हा माझ्यासारखाच कोणी टवाळ हे वाचत असेल तर त्याला पूर्ण मुभा आहे.

मी लिफ्टवाला माणूस. दुबई मरीनामधल्या काही टॉवर्सच्या लिफ्टचं मेंटेनन्स माझ्याकडे आहे. लिफ्ट बंद पडली की पॅनलवर फॉल्ट कोड येतो. कोड वाचायचा, पार्ट बदलायचा, खलास. कारणाशिवाय काही बंद पडत नाही आणि कारणाशिवाय चालूही होत नाही, असं मी वीस वर्षं ज्युनिअर पोरांना शिकवत आलोय.

आम्ही शारजाला अल नहदामध्ये राहतो. मी, अश्विनी आणि सात वर्षांची आमची मुलगी ईरा. बिल्डिंगच्या गच्चीवर स्विमिंग पूल आहे. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी ईराला तिथे घेऊन गेलो होतो. फोन वाजला. मरीनात एका लिफ्टमध्ये चार माणसं अडकली होती. मी ईराला म्हटलं, "इथेच पायरीवर बस, दोन मिनिटं." आणि पाठ फिरवली... दोन मिनिटं झाली नसतीलही. मागे वळलो तेव्हा खालच्या मजल्यावरच्या शबाना वहिनी, रत्नागिरीच्या, अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात होत्या आणि ईरा त्यांच्या हातात होती. निळी पडलेली, पण खोकत होती. वहिनी मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर ईराने पाण्याचं नाव टाकलं. शॉवर नको, टब नको. बादलीत पाणी, तांब्या आईच्याच हातात, आणि तेही डोक्यावरून नाही. एकदा अश्विनीला ताप होता म्हणून मी म्हटलं, चल, आज मी आंघोळ घालतो. ईरा दाराशी उभी राहून शांतपणे म्हणाली, "नॉट बाबा. बाबा विल बी ऑन द फोन."

रागावली असती तर समजूत काढली असती. ती नुसतं माहीत असलेलं सांगत होती.

जपानची ट्रिप अश्विनीची कल्पना. मार्चच्या सुट्टीत आम्ही गेलो. डोंगरातल्या एका छोट्या गावात दीडशे वर्षांहून जुनी लाकडी सराई, खाली गरम पाण्याचे झरे. मी म्हटलं, पाण्याला घाबरणाऱ्या पोरीला घेऊन पाण्यात बसायच्या गावी? अश्विनी म्हणाली, "ती नाही बसली तर मी बसेन. मलाही दोन वर्षं झोप नाहीये." मग मी तिकिटं काढली.

सराईची मालकीण सत्तरीची. तिकडे मालकिणीला ओकामी म्हणतात. अगदी थोडं इंग्लिश, बाकी सगळं फोनमधल्या ट्रान्सलेटरवर. तिने आंघोळीचे नियम समजावले. बायकांचं आणि पुरुषांचं स्नानघर वेगळं, आधी बाहेर स्वच्छ आंघोळ करायची, मग कपड्यांशिवाय पाण्यात उतरायचं. अश्विनीने माझ्याकडे बघितलं. "सगळ्यांसमोर? मी? जमणार नाही." शेवटी असं ठरलं की सकाळी सातला जायचं. आमच्याशिवाय एकच म्हातारं जोडपं उतरलं होतं आणि ते सातला नाश्त्याला बसायचं.

तर सकाळी सात. बायकांच्या स्नानघराला एकच दार, त्यावर लाल पडदा. समोर बाकावर मी, सराईने दिलेला झगा घालून, थंडीने पाय आखडून. माझा फोन खोलीत होता. अश्विनीने तो आदल्या दिवशीच काढून घेतला होता. हे मुद्दाम सांगतोय, कारण इथेच माझी साक्ष लागते. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा मी काहीही न करता नुसता एका दाराकडे बघत बसलो होतो. त्या दारातून अश्विनी आणि ईरा आत गेल्या. दुसरं कोणीही गेलं नाही.

अश्विनीने ईराला कपडे बदलायच्या खोलीत स्टुलावर बसवलं आणि ती पलीकडे, उघड्यावरच्या कुंडात गेली. ईरा पाण्याकडे फिरकणार नाही याची आम्हाला खात्रीच होती.

पाच-सात मिनिटांनी मला ईराचा आवाज आला. ती काहीतरी म्हणत होती... एक शब्द, मग थांबायची, मग पुढचा. शाळेत बाईंच्या मागून म्हणतात तसं. पण बाईंचा आवाज नव्हता. मला वाटलं, चला, मायलेकींचा खेळ चाललाय.

मग अश्विनीची हाक आली, "अहो..." आणि पाठोपाठ ती ईराला टॉवेलात गुंडाळून बाहेर आली. ईराचे केस ओले, गाल लालभडक. आतल्या जुन्या लाकडी हौदात ती गळ्यापर्यंत पाण्यात बसलेली सापडली होती. एकटी.

"तुम्ही आत कोणाला पाठवलंत?" अश्विनीने मला विचारलं.

"कोणालाच नाही. कोणी आलंच नाही."

"आजी होती ना," ईरा म्हणाली. "शी हेल्ड मी. असं." आणि तिने स्वतःचा तळहात हनुवटीखाली धरून दाखवला. "हंड्रेड होईपर्यंत बाहेर नाही यायचं."

"कशी होती दिसायला?"

"आय डोंट नो. ती मागे बसली होती ना, बाबा."

नाश्त्याच्या वेळी ईरा भाताच्या वाटीसमोर बसून तेच म्हणायला लागली. इची, नी, सान... जपानी आकडे. ओकामी हसत हसत ट्रे घेऊन येत होती. ईरा पुढे जात राहिली. नानाजू-हाची, नानाजू-क्यू... आणि मग रोकुजू. म्हणजे अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, साठ.

ओकामी जागच्या जागी उभी राहिली. ट्रे खाली ठेवला, गुडघ्यांवर बसली आणि ईराला पुन्हा म्हणायला सांगितलं. पुन्हा तसंच, एकोणऐंशीनंतर साठ.

ट्रान्सलेटरवर जे आलं ते साधारण असं: तिकडे मुलांना शंभर मोजून होईपर्यंत गरम पाण्यात बसवतात. ओकामीची सासू गावातल्या सगळ्या पोरांना त्या हौदात मांडीवर घेऊन बसायची. पोरं पळायला बघायची, म्हणून ती लबाडी करायची. एकोणऐंशीपर्यंत आली की गुपचूप परत साठवर. मोठी पोरं ओळखायची, पण कोणी बोलायचं नाही. सासूला जाऊन एकोणीस वर्षं झाली. ओकामी डोळे पुसत होती आणि हसतही होती.

मी माझं काम केलं. ईराच्या टॅबची हिस्टरी तपासली. शाळेत विचारलं. दहा आकडे कळले की जपानीत शंभरपर्यंत सहज जाता येतं, हेही शोधून काढलं. कुठल्या तरी व्हिडिओतून शिकली असेल, मानलं. भीती आपोआप गेली असेल, तेही मानलं. पण एकोणऐंशीनंतर साठ? ते कुठल्या व्हिडिओत असेल?

परत आल्यावर ईरा शॉवर घ्यायला लागली. आईबरोबर पूलमध्येही उतरली. माझ्याबरोबर मात्र नाही. मी विचारलं नाही. विचारायचा हक्क मला आहे असं वाटत नव्हतं.

एप्रिलमध्ये एका शनिवारी ऊन चढायच्या आत आम्ही अल ऐनला गेलो. तिथे जबल हफीतच्या पायथ्याशी गरम पाण्याचे झरे आहेत. पाण्याचा पाट वाहतो, लोक काठावर पाय सोडून बसतात. मी जरा लांबच उभा होतो. ईरा आली आणि तिने हात पुढे केला.

"बाबा, फोन."

मी दिला. तिने तो आईकडे नेऊन दिला, परत आली आणि मला म्हणाली, "यल्ला, चला, बसा."

मी पाय पाण्यात सोडून बसलो. ती माझ्या मांडीवर बसली, तिनेही पाय सोडले. मग माझा हात धरून स्वतःच्या हनुवटीखाली लावला आणि मोजायला लागली. तोवर आकडे मलाही पाठ झाले होते. सत्तर झाले, पंचाहत्तर झाले. एकोणऐंशी... साठ.

मी म्हटलं, "अगं, साठ मघाशीच झाले."

"आय नो, बाबा," ती मागे न बघता म्हणाली. "शंभर झालं की तुम्ही उठणार ना."

चार वेळा ती साठवर गेली. मीही तिच्याबरोबर मोजत राहिलो. मला रडू येत होतं आणि ती पाठमोरी होती हे बरंच होतं.

त्या हौदात कोण होतं, मला माहीत नाही. कधी कधी एखादी लिफ्ट अशी आपोआप चालू होते, सगळं तपासूनही काही सापडत नाही. मग आम्ही लॉगबुकात लिहितो आणि खाली सही करतो. इथेही तेच लिहितो: कारण सापडलं नाही. चालू आहे.